नाशिकमध्ये राहून एका लाकडी मालवाहू शिडाच्या जहाजाचा इतिहास कसा लिहावा

लाकडी मालवाहू जहाजाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम एकच जहाज निवडावे आणि शेवटपर्यंत त्या एकाचीच पाठ धरावी. शिडाच्या जहाजांचा एकूण इतिहास इतका विस्तीर्ण आहे की त्यात शिरलेला हौशी अभ्यासक सर्वसाधारण विधाने गोळा करूनच थकतो. एका जहाजाची बांधणीपासून अखेरपर्यंतची हकिकत मात्र नोकरी-व्यवसाय सांभाळून, वर्षभराच्या सुट्ट्यांमध्ये पूर्ण होऊ शकते. नाशिककराला बंदर जवळ नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. मालवाहू जहाजाचे आयुष्य मुख्यतः नोंदणीच्या वह्या, विमा उतरवणाऱ्यांसाठी केलेल्या पाहण्या आणि वर्तमानपत्रांतील बंदरवार्ता यांत उरलेले असते, आणि या कागदांचा बराच मोठा भाग आता घरी बसून वाचता येतो.

जहाज निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा त्याच्या कामाकडे पाहावे. शर्यतीत धावलेल्या चहाच्या वेगवान जहाजांवर भरपूर लिहून झाले आहे. ज्या जहाजाने अनेक मालक पाहिले, निरनिराळा माल वाहिला आणि ज्याचा सांगाडा किंवा निदान बुडाल्याची जागा ठाऊक आहे, असे जहाज नव्या अभ्यासकाला अधिक शिकवते. या लेखात उदाहरणासाठी ‘एडविन फॉक्स’ हे जहाज घेतले आहे. ते १८५३ मध्ये कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पलीकडच्या काठावरील सुलकिया येथे (आजच्या हावड्यातील सालकिया) साग आणि साल या लाकडांतून बांधले गेले, आणि आज न्यूझीलंडमधील पिक्टन येथे कोरड्या गोदीत त्याचा सांगाडा जतन केलेला आहे. भारतात, भारतीय लाकूडकामाच्या हातांनी घडलेले मालवाहू जहाज दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि आपल्याकडे तिची माहिती फार थोड्यांना आहे याची खंतही वाटते.

ओळख पटवणे

कामाची सुरुवात एका जाड वहीने करावी. प्रत्येक पानावर तारीख, स्थळ, घटना आणि ती माहिती कोठून मिळाली हे चार रकाने आखावेत. चौथा रकाना रिकामा ठेवून एकही ओळ लिहू नये. हा नियम मी प्रथम पाळला नव्हता. एकाच नावाच्या दोन जहाजांच्या सफरी मी सलग जोडत गेलो, आणि माझे जहाज एकाच आठवड्यात हिंदी महासागरात व अटलांटिकमध्ये दिसू लागले तेव्हा चूक ध्यानात आली. कोणती नोंद कोठून घेतली हे लिहिलेले नसल्याने सगळे काम मुळापासून पुन्हा करावे लागले.

नावावर विसंबू नये, याचे कारण एवढेच की नावे मोठ्या संख्येने सारखी असत आणि मालक बदलला की बदललीही जात. ब्रिटिश ध्वजाखालील जहाजांच्या बाबतीत यावर एक उत्तम उपाय आहे. १८५४ च्या व्यापारी नौकानयन कायद्यानंतर नोंदणीत असलेल्या जुन्या-नव्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळू लागला. नाव, मालक किंवा बंदर बदलले तरी तो क्रमांक बदलत नसे, आणि तो जहाजाच्या मुख्य तुळईवर टनभारासह, म्हणजे जहाजाच्या आकाराच्या मापासह, कोरावा लागे. आपल्या जहाजाचा हा क्रमांक सापडला की तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि पुढील प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहावा. १८५४ पूर्वीच ज्याचे आयुष्य संपले अशा जहाजासाठी मात्र बांधणीचे वर्ष, बांधणीचे ठिकाण, लांबी-रुंदी आणि कप्तानाचे नाव या चारांचा मेळ घालूनच ओळख पटवावी लागते. नोंदणीच्या कागदावर मालकीचे ६४ भाग दाखवलेले असतात. ते पाहून गोंधळू नये, कारण एका जहाजात व्यापारी, कप्तान आणि एखादा नातेवाईक असे अनेक जण भागीदार असणे नित्याचे होते, आणि भाग कोणी कोणाला विकला हे पाहिले की त्या घराण्याची आर्थिक स्थितीही कळू लागते.

यानंतर लॉइड्स रजिस्टर या, जहाजांची पाहणी करून दर्जा ठरवणाऱ्या लंडनच्या संस्थेच्या वार्षिक वह्यांकडे वळावे. १७६४ पासूनच्या या वह्या आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. एका ओळीत जहाजाचे नाव, प्रकार, कप्तान, टनभार, बांधणीचे ठिकाण व वर्ष, मालक, मूळ बंदर, ठरलेली सफर आणि दर्जा एवढे सारे दाटीने छापलेले असते. इंग्रजी ‘ए’ हे अक्षर जहाजाच्या अंगाच्या स्थितीसाठी आणि पुढील ‘१’ हा आकडा नांगर, दोर, साखळ्या या साहित्याच्या स्थितीसाठी वापरत. लाकडी जहाज पहिल्या दर्जात किती वर्षे राहील हे बहुतांशी लाकडाच्या जातीवरून ठरे, आणि सागाला त्यात वरचे स्थान होते. माझा सल्ला असा की आपल्या जहाजाची ओळ सलग पंधरा-वीस वर्षांच्या वह्यांतून एकाखाली एक उतरवून घ्यावी. कोणत्या वर्षी कप्तान बदलला, कोणत्या वर्षी तळाला धातूचा नवा पत्रा ठोकला, कोणत्या वर्षी दर्जा घसरला, हे त्या तक्त्यात आपोआप दिसते, आणि इतिहासाचा कणा त्या एकाच बैठकीत तयार होतो.

टनभाराविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण येथे अनेक जण अडखळतात. एकाच जहाजाचा टनभार दोन कागदांवर वेगळा दिसला की ते दुसरे जहाज असावे असा तर्क केला जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. १८३६ पूर्वी ब्रिटनमध्ये जो जुना हिशेब चाले त्यात लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करीत, उरलेल्या आकड्याला रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणत, व ९४ ने भागत. १५० फूट लांब आणि ३० फूट रुंद असे एखादे जहाज कल्पिले तर १३२ गुणिले ३० गुणिले १५ भागिले ९४, म्हणजे सुमारे ६३२ टन हे उत्तर येते. या हिशेबात खोलीचे माप कोठेच नाही; ती रुंदीच्या निम्मी आहे असे गृहीत धरलेले आहे. बंदरांचे कर टनभारावर आकारले जात असल्याने मालकांनी अरुंद पण खोल जहाजे बांधून घेतली, कागदावर कमी टन दाखवून पोटात अधिक माल भरला, आणि त्यामुळे ही जहाजे समुद्रावर वाईट चालत. १८३६ मध्ये नवा हिशेब आला, आणि १८५४ च्या कायद्याने आतील जागा प्रत्यक्ष मोजून १०० घनफुटांस एक टन धरण्याची मूर्सम यांची पद्धत लागू झाली. म्हणून टनभाराचा आकडा लिहिताना तो कोणत्या हिशेबाचा आहे हे शेजारी लिहावे. हा टन वजनाचा नसून जागेचा आहे, हेही वाचकाला एकदा स्पष्ट सांगावे.

सफरी आणि माल

ओळख पटल्यावर सफरींचा शोध घ्यावा. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘पेपर्स पास्ट’ आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ ही जुन्या वर्तमानपत्रांची दोन संकेतस्थळे सर्वांना खुली आहेत. तेथील बंदरवार्तांमध्ये जहाज आले, बंदर सोडण्याचा परवाना घेतला, निघाले आणि समुद्रात दुसऱ्या जहाजाला भेटले अशा चार प्रकारच्या नोंदी असतात, आणि त्यांत फरक करणे फार महत्त्वाचे आहे. परवाना घेतलेले जहाज वाऱ्याअभावी आठवडाभर बंदरातच अडकलेले असू शकते. तेव्हा परवान्याची तारीख ही प्रस्थानाची तारीख म्हणून लिहू नये. समुद्रातील भेटीची नोंद तर अतिशय उपयोगी पडते, कारण त्यात अक्षांश-रेखांश दिलेले असतात आणि नकाशावर जहाजाचा मार्ग ठिपक्याठिपक्याने उमटू लागतो.

एडविन फॉक्सच्या सफरी या रीतीने मांडल्या की एकोणिसाव्या शतकातील समुद्री व्यापाराचा मोठा भाग डोळ्यांपुढे येतो. क्रिमियन युद्धात हे जहाज सैन्याच्या वाहतुकीसाठी लावले गेले. लंडनचे मोठे जहाजमालक डंकन डनबार यांच्या ताफ्यात ते आले. १८५८ मध्ये ते २८० कैद्यांना घेऊन २६ ऑगस्टला प्लिमथहून निघाले आणि २० नोव्हेंबरला पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला पोहोचले. दोन तारखांमधील दिवस मोजण्याची सवय येथेच लावून घ्यावी: ऑगस्टचे ५, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे २०, एकूण ८६ दिवस. एवढ्या लांबच्या शिडाच्या प्रवासाला हा आकडा शोभतो. तो ४० किंवा २०० आला असता तर कोठेतरी तारीख चुकली आहे असे समजून पुन्हा तपासावे लागले असते. १८७३ पासून शॉ सॅव्हिल कंपनीसाठी या जहाजाने न्यूझीलंडच्या चार सफरी केल्या आणि एकूण ७५१ स्थलांतरितांना तेथे पोहोचवले. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या जहाजांपैकी आज शिल्लक असलेले हे एकमेव जहाज आहे. मालवाहू जहाजाच्या इतिहासात माणसेही माल म्हणून मोजली गेल्याचे असे प्रसंग येतात, तेव्हा ते आकड्यांच्या रांगेत दडवू नयेत; त्या प्रवासाला स्वतंत्र परिच्छेद द्यावा, आणि कैदी कोण होते, कोठून आले, हे जेवढे सापडेल तेवढे लिहावे.

ऐकीव हकिकतींची कसोटी कशी घ्यावी, यासाठीही हेच जहाज उपयोगी आहे. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या व्यापारासाठी बांधले गेले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. आता कंपनीच्या इतिहासातील दोन वर्षे आठवावीत. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीची भारताच्या व्यापारातील मक्तेदारी संपली, आणि १८३३ च्या कायद्याने तिचा चीनचा चहाचा व्यापारही संपून ती केवळ राज्यकारभार करणारी संस्था उरली. म्हणजे जहाज १८५३ मध्ये पाण्यात उतरले तेव्हा कंपनीला चहाचा व्यापार करून वीस वर्षे होत आली होती. ती सैन्य किंवा सरकारी सामान नेण्यासाठी जहाजे भाड्याने घेई, हे खरे. परंतु तिच्या चहासाठी हे जहाज बांधले, हे विधान तारखांपुढे टिकत नाही. कोणतीही आकर्षक दंतकथा वहीत उतरवण्यापूर्वी अशी दोन तारखांची पट्टी तिला लावून पाहावी.

जहाजाच्या शिडांची मांडणी बदलली असेल तर तिचे कारणही शोधावे. एडविन फॉक्सच्या तिन्ही डोलकाठ्यांवर प्रथम आडव्या काठ्यांना टांगलेली चौकोनी शिडे होती. पुढे मागच्या डोलकाठीवरील चौकोनी शिडे काढून तेथे जहाजाच्या लांबीच्या दिशेने फिरणारे शीड बसवले गेले आणि जहाज ‘बार्क’ या प्रकारात मोडू लागले. अशा मांडणीला खलाशी कमी लागत. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर आगबोटींचा आशियाचा मार्ग आखूड झाला, शिडाच्या जहाजांना मात्र त्या अरुंद कालव्याचा आणि तांबड्या समुद्रातील वाऱ्यांचा उपयोग नव्हता. त्यांच्यापुढे खर्च कमी करणे आणि दूरचे, जड, घाई नसलेले सामान पत्करणे एवढाच मार्ग उरला.

खलाशांच्या याद्या हव्या असल्यास त्या मुख्यतः तीन ठिकाणी विखुरलेल्या आहेत, हे आधीच लक्षात ठेवावे. १८६३ नंतरच्या ब्रिटिश जहाजांच्या बहुसंख्य याद्या कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत, सुमारे दशांश भाग लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि पाचाने संपणाऱ्या वर्षांच्या याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे आहेत.

लाकूड वाचणे

नाशिकच्या अभ्यासकाला येथे स्वतःचा असा लाभ आहे, आणि तो त्याने सोडू नये. जहाजाच्या लाकडाविषयी पुस्तकी वाक्ये उतरवण्यापूर्वी जुन्या नाशकातील किंवा पंचवटीतील एखाद्या वाड्याचे सागवानी खांब आणि तुळया जवळून पाहाव्यात, आणि शक्य झाल्यास जुने लाकूड हाताळणाऱ्या अनुभवी सुताराबरोबर पाहाव्यात. तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत, खाच आणि खुंटी कशी बसवली आहे, पाण्याच्या ओलीने लाकूड प्रथम कोठे खराब होते, हे त्याच्याकडून एका दुपारी जे कळेल ते छायाचित्रांतून कळत नाही. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे फारसे गंजत नाहीत. युरोपातील ओक लाकडात आम्ल असल्याने त्यात लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे दीर्घकाळ टिकली त्यामागे हे एक मोठे कारण होते. १८१७ मध्ये तेथे पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

सागाची मागणी आपल्या जिल्ह्याच्या सीमेपर्यंत पोहोचली होती. सुरगाण्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलांचा सागासाठीचा पट्टा इंग्रजांनी १८४२ मध्ये तेथील भिल्ल राजांकडून घेतला, आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांचे संरक्षक म्हणून नेमणूक झाली. ही माहिती वाचल्यावर आपल्या जहाजात डांगचा साग असलाच पाहिजे असे वाटू लागते. तो मोह आवरावा. एडविन फॉक्स बंगालमध्ये बांधले गेले. त्याच्या सागाचा डांगशी संबंध जोडायला काहीही आधार नाही, आणि मुंबईत बांधलेल्या जहाजाच्या बाबतीतही लाकडाच्या खरेदीचा कागद मिळाल्याशिवाय जंगलाचे नाव लिहू नये. पांडवलेण्यांविषयीही हीच काळजी घ्यावी. तेथील उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपान याच्या जावयाच्या) शिलालेखात इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर होड्यांनी विनामूल्य उतार करून देण्याची सोय केल्याचा उल्लेख आहे, आणि घाटाखालच्या किनाऱ्याशी नाशिकचे नाते किती जुने आहे हे त्यावरून दिसते. पण त्या नदी ओलांडण्याच्या होड्या आहेत. मालवाहू जहाजाच्या इतिहासात त्यांना पूर्वज म्हणून बसवणे बरोबर नाही.

आपल्या किनाऱ्याचे गलबत निवडले असल्यास

परदेशी नोंदणीत नसलेले, कोकणातील एखादे गलबत, मचवा किंवा पाडाव निवडल्यास पद्धत बदलावी लागते, कारण येथे छापील नोंदी थोड्या आणि माणसांची आठवण अधिक असते. अशा वेळी प्रथम नाखवा (गलबताचा चालक-मालक) किंवा तांडेल (खलाशांचा मुख्य) यांच्या घरातील वृद्धांशी बोलावे, आणि बोलताना वर्ष विचारण्याऐवजी प्रसंग विचारावेत: गलबत पाण्यात उतरले तेव्हा घरात कोणाचे लग्न झाले होते, शीड जाऊन इंजिन बसले तेव्हा कौले भरत होते की मीठ. त्यांच्या बोलीतील शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. एकाच भागाला दोन बंदरांत दोन नावे असतात आणि ती दोन्ही टिकवण्याजोगी आहेत.

जुन्या मराठी कागदांतील तारखा बदलताना शालिवाहन शकात ७८ आणि शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतील अरबी सनात) ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा. वर्षाच्या कोणत्या भागातील तारीख आहे त्यावर एका वर्षाचा फरक पडतो. याशिवाय एक तपासणी अशी आहे की ती कोकणात कोणीही सांगेल. पावसाळ्यात किनाऱ्यावरील शिडांची वाहतूक बंद असे आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा सुरू होई. म्हणून एखाद्या कागदात आषाढातील मालाची सफर दिसली तर महिना चुकीचा वाचला गेला असण्याची शक्यता प्रथम पाहावी.

मुंबईला जावे लागेल असा एखादा टप्पा येतोच. सागरी खात्याचे जुने कागद महाराष्ट्र शासनाच्या अभिलेखागारात आहेत. जाण्यापूर्वी वाचनाच्या परवानगीची आणि ओळखपत्रांची चौकशी करावी, हव्या असलेल्या वर्षांची यादी हाताशी ठेवावी, आणि सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परतायचे असेल तर एका फेरीत एकाच खात्याची दप्तरे मागवावीत. त्याआधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन मुंबई इलाख्याच्या इतिहासावरील संदर्भग्रंथ पाहून घ्यावेत. १८४० पासून चालत आलेल्या या संस्थेत एक सकाळ घालवली तर मुंबईचे दोन दिवस वाचतात.

अखेरची वर्षे

बहुतेक हौशी लेखक शेवटच्या सफरीबरोबर इतिहास संपवतात, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. शिडे उतरल्यावरही लाकडी जहाज कित्येक वर्षे काम करीत असे. न्यूझीलंडहून गोठवलेल्या मांसाचा पहिला यशस्वी माल ‘डनिडिन’ या शिडाच्या जहाजाने १८८२ मध्ये इंग्लंडला रवाना झाला, आणि किनाऱ्यावर पुरेशी शीतगृहे नसल्याने जुन्या जहाजांत गोठवणयंत्रे बसवण्यात आली. १८८५ मध्ये एडविन फॉक्सचे असेच तरते गोठवणगृह झाले. पिंपळगाव किंवा दिंडोरीकडे द्राक्षे निर्यातीपूर्वी थंड करून साठवलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्याचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: मेंढ्यांचे मांस येथे गोठवायचे, साठवायचे आणि आगबोट आली की तिच्यावर चढवायचे. १८९७ च्या जानेवारीत हे जहाज पिक्टनला आणले गेले. किनाऱ्यावर गोठवणगृह उभे राहिल्यानंतर ते कोळसा साठवण्याची कोठी झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या कामावर राहिले. १९६५ मध्ये जतनासाठी स्थापन झालेल्या मंडळाने ते एका शिलिंगला विकत घेतले. १९६७ मध्ये ते शेजारच्या शेक्सपियर बे येथे नेऊन ठेवले गेले, तेथे सुमारे वीस वर्षे राहिले, १९८६ मध्ये पुन्हा तरंगवले गेले आणि १९९९ मध्ये पिक्टनच्या कोरड्या गोदीत स्थिरावले.

या वर्षांची माहिती मिळवण्यासाठी बंदरवार्ता उपयोगी पडत नाहीत, कारण जहाज कोठे जातच नाही. लिलावाच्या जाहिराती, मांस कंपन्यांच्या बातम्या, बंदर मंडळाची इतिवृत्ते आणि गावातील जुनी छायाचित्रे पाहावीत. छायाचित्रांत डोलकाठ्या किती उरल्या आहेत, कडेला कोठे दरवाजा कापला आहे, तळाचा धातूचा पत्रा कोठवर दिसतो, हे भिंगातून पाहून तारखेनिशी लिहावे. जतन करणाऱ्या संग्रहालयाला पत्र पाठवताना सर्वसाधारण माहिती मागू नये. तुळईवर कोरलेला क्रमांक आज वाचता येतो का, मूळच्या फळ्या कोणत्या बाजूला अधिक शिल्लक आहेत, असे दोन-तीन नेमके प्रश्न विचारावेत. उत्तर आल्यावर ते वहीत उतरवून चौथ्या रकान्यात पत्राची तारीख लिहावी, आणि लेख पूर्ण झाला की वहीसह त्याची एक प्रत वाचनालयाला द्यावी, म्हणजे त्याच जहाजावर काम करू इच्छिणाऱ्या पुढच्या माणसाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.